काही लोकांना उद्देशून

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन व्हायला कसलीही पात्रता लागत नाही. वार्षिक सभेला उशिरा पोचलं की पुरतं. कायद्याने ही सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकावी लागते, म्हणून आमची सभा सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी गच्चीवर, पावसाच्या साक्षीने होते. गणसंख्या म्हणजे एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश किंवा वीस, यातली जी कमी असेल ती. वीस माणसं काही जमत नाहीत. मग सभा अर्धा तास तहकूब होते, जमलेले सभासद वेफर्स संपवतात आणि गणसंख्येचं बंधन नसलेली तीच सभा त्याच खुर्च्यांवर पुन्हा सुरू होते. मी पोचलो तेव्हा चेअरमन विचारत होते, "ग्रुपचं कोण बघणार?" आणि सगळे आपापल्या चपलांकडे बघत होते.

"हे बघा, आलेच!" चेअरमन म्हणाले आणि टाळ्या पडल्या. त्या सभेत एकमताने मंजूर झालेला हा एकमेव ठराव.

"अहो, पण मला त्यातलं..."

"काही नसतं हो त्यात. भाडेकरू आला की घ्यायचा, गेला की काढायचा."

मावळते ॲडमिन शेजारीच बसले होते. ते काही बोलले नाहीत. पाठवणीच्या वेळी मुलीचा बाप जावयाचा हात दाबतो, तसा त्यांनी फक्त माझा हात दाबला. त्या रात्री ते नऊ वाजता झोपले, असं त्यांच्या मंडळींनी नंतर सांगितलं.

गच्चीवर वीस माणसं जमत नाहीत, पण रात्री अकराला कुणी "लिफ्टमध्ये कुणाच्या कुत्र्याने..." एवढंच लिहिलं की सबंध सोसायटी हजर. न्यू जर्सीतला मुलगा, सासरी नांदणारी मुलगी, फ्लॅट विकून तळेगावला गेलेले आणि तरीही ग्रुप न सोडलेले काका, सगळे येतात. ग्रुपवर गणसंख्येची अडचण कधीच येत नाही. अडचण येते ती पुढे.

या गर्दीत कामाची गोष्ट सापडत नाही, ही तक्रार जुनी. एका बुधवारी संध्याकाळी सेक्रेटरींनी लिहिलं, "उद्या टाकी धुणार आहेत. सकाळी दहा ते चार पाणी बंद." त्याखाली लगेच बी विंगच्या काकूंची शुभरात्री आली, त्यात चंद्र आणि चंद्रावर बसलेलं मांजर. मग गुडघेदुखीवर मेथ्यांचा उपाय. मग कुणाच्या तरी नातवाचा पहिला वाढदिवस. नातवाला वाचता येत नाही, त्याच्याकडे फोनही नाही. तरी दोन्ही विंगांनी त्याला वेगवेगळं उदंड आयुष्य चिंतलं आणि आजोबांनी प्रत्येकाचे वेगवेगळे आभार मानले. गुरुवारी सव्वादहाला तिसऱ्या मजल्यावरून मेसेज आला, "पाणी का नाही?? डोळ्यांत साबण आहे." डोळ्यांत साबण असताना माणूस टाइप कसं करतो, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. उत्तर मात्र तत्काळ आलं: "ग्रुपवर टाकलं होतं." या तीन शब्दांत आमच्या कमिटीची सगळी जबाबदारी संपते.

तेव्हा मी ठरवलं, ग्रुपला शिस्त लावायची. सभ्य आणि कामापुरतं बोलणारा ग्रुप करून दाखवायचा. चष्मा पुसला, नियमावली लिहायला बसलो. ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी. सुप्रभात, शुभरात्री, घरगुती औषधं नकोत. राजकारण, धर्म, जात नको. वैयक्तिक टीका नको. रात्री दहानंतर मेसेज नको. भाषा सभ्य असावी. रविवारी सकाळी टाकली आणि चहा घेत प्रतिक्रियांची वाट बघत बसलो. घटना समितीच्या सभासदांना २६ नोव्हेंबर १९४९ च्या संध्याकाळी साधारण असंच वाटलं असावं.

स्वागत जोरदार झालं. अंगठे आले, जोडलेले हात आले, टाळ्या आल्या. "अत्यंत आवश्यक पाऊल!" एकाने लिहिलं. "काही लोकांना याची गरज होतीच." दुसरे म्हणाले, "शंभर टक्के सहमत. काही लोकांना साधी शिस्त नाही." तिसऱ्यांनीही काही लोकांचा समाचार घेतला. आता ही नियमावली आपल्यालाही लागू आहे, असं मानणारा एकही माणूस दोन्ही विंगांत नव्हता. मग कुणीतरी विचारलं, "काही लोक म्हणजे नक्की कोण? स्पष्ट नाव घ्या." आणि वैयक्तिक टीका नको हा नियम बरोबर सतरा मिनिटांत मोडला.

त्यातच निवृत्त मुख्याध्यापक उतरले. "नियम क्रमांक चारमध्ये 'वैयक्तीक' असे लिहिले आहे. 'क्ति' ऱ्हस्व हवी. ॲडमिनने आदर्श घालून द्यावा." त्यावर एका तरुणाने "भावना महत्त्वाची, सर," असं लिहिलं, त्यावर सरांनी भावना आणि व्याकरण यांच्या संबंधावर चार परिच्छेद लिहिले. तेवढ्यात नियम मराठीतच का, हिंदीत का नाहीत, असं कुणी विचारलं आणि पुढचे काही तास मला माझा फोन हातात धरवत नव्हता, इतका तो तापला होता. रात्री पावणेअकराला एकाने सगळ्यांना बजावलं, "नियमानुसार दहानंतर मेसेज बंद आहेत, याची कृपया सर्वांनी नोंद घ्यावी." त्यांच्या या मेसेजला नोंद घेतल्याचे तीस मेसेज आले.

खरा घाव काकूंनी घातला. त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "सुप्रभात म्हणणं असभ्य कधीपासून झालं, भाऊ?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सबंध ग्रुपवर शंभर टक्के सभ्य असा एकच मेसेज रोज येत होता आणि मी नेमका तोच बंद केला होता.

माझ्या आधी या वाटेने कोणी गेलंय का, म्हणून शोधाशोध केली. तर ऑक्टोबर १९९५ मध्ये, इंटेल कंपनीत काम करणाऱ्या सॅली हॅम्ब्रिज यांनी इंटरनेटवर कसं वागावं याची एक नियमावली लिहून ठेवलेली सापडली. आरएफसी १८५५ असं तिचं रुक्ष नाव. आपण पाठवताना जपून पाठवावं, दुसऱ्याचं वाचताना मन मोठं ठेवावं, असं बाई सांगतात. रागाच्या भरात उत्तर लिहिलंत तर ते रात्रभर राहू द्या, मग पाठवा, असंही सांगतात. आणि सगळी अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये लिहू नका, ते ओरडल्यासारखं वाटतं.

हा शेवटचा नियम वाचून मला आपल्या लिपीचा अभिमान वाटला. देवनागरीत कॅपिटल अक्षरंच नाहीत. म्हणजे मराठी माणसाला ओरडताच येणार नाही! हा आनंद दुपारपर्यंत टिकला. दुपारी ए विंगमधून मेसेज आला: "आदरणीय महोदय, आपण सुशिक्षित आहात असा आमचा समज होता. आपल्या गॅलरीतील कुंड्यांचे पाणी आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडत असते. आपल्या संस्कारांबद्दल आम्हाला नितांत आदर आहे. कळावे, लोभ असावा." मराठी माणूस चिडला की आवाज चढवत नाही, भाषा शुद्ध करतो. तो 'तू'वरून 'तुम्ही'वर आणि 'तुम्ही'वरून 'आपण'वर गेला, की समोरच्याने खिडक्या लावून घ्याव्यात. 'महोदय' आलं तर वकील गाठावा. आता यात मी कुठला नियम लावू? एकही शब्द असभ्य नाही. उलट शाळेच्या निबंधात घालावा असा मजकूर. कुंडीवाल्यांनीही तितक्याच नम्रपणे उत्तर दिलं, "आपल्या कपड्यांना बऱ्याच दिवसांनी पाणी लागलं, याचा आनंद वाटला."

त्यांनी शेवटी हसरा चेहरा टाकला होता. या हसऱ्या चेहऱ्याचाही इतिहास आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८२ मध्ये संगणकावरच्या चर्चेत कुणीतरी विनोद केला की, एका लिफ्टमध्ये पारा सांडलाय. काही जणांनी तो खरा धोक्याचा इशारा समजला. तेव्हा स्कॉट फाल्मन या संगणकशास्त्रज्ञांनी १९ सप्टेंबरला सुचवलं की, विनोद केला तर पुढे अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस काढावा. मान वाकडी केली की हसरा चेहरा दिसतो. म्हणजे या हसऱ्या चेहऱ्याच्या मुळाशीही लिफ्टवरून झालेला घोळच होता, हे वाचून मला आमच्या सोसायटीचं जागतिक महत्त्व कळलं. फरक इतकाच की, त्यांनी तो गैरसमज मिटवायला काढला आणि आम्ही टोमण्याला लावतो. आमच्याकडे अंगठा म्हणजे वाचलं, पटलं नाही. जोडलेले हात म्हणजे आता पुरे. गुलाबाचं फूल म्हणजे मूळ मेसेज वाचलेलाच नाही.

पार्किंगचा प्रश्न आला तेव्हा मात्र फुलं संपली. एका शनिवारी कुणीतरी फोटो टाकला: पांढरी गाडी, तिचं पुढचं चाक पिवळ्या पट्ट्यावरून वीतभर पलीकडे. ओळ एकच: "काही लोकांना पट्टा दिसत नाही." नाव नाही, नंबर नाही. सोसायटीत पांढऱ्या गाड्या निम्म्या. त्या सगळ्या मालकांनी आपापला खुलासा दिला. एकाने आपली गाडी त्या दिवशी साताऱ्याला होती म्हणून टोलची पावती जोडली. एकाने, ज्याची गाडी लाल आहे, "मला टोमणा कळतो," असं लिहिलं. फोटोतली गाडी पाहुण्यांची निघाली आणि पाहुणे केव्हाच गेले होते.

मधेच एकाने काहीतरी लिहिलं आणि लगेच डिलीट केलं. आधी शंभरेक मेसेज वाचायला ज्यांना सवड नव्हती, ती माणसं या एका न दिसणाऱ्या मेसेजसाठी धावत आली. "काय होतं?" "कुणी वाचलं?" "स्क्रीनशॉट आहे का?" त्यांनी बिचाऱ्यांनी 'ओके' लिहून पुसलं होतं. ते कुणालाच पटलं नाही. आजही ए विंगचं म्हणणं आहे की, तो मेसेज बी विंगबद्दल होता.

ॲडमिनच्या हातात हत्यारं नाहीत असं नाही. २०२२ पासून त्याला दुसऱ्याचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो. मी एक पुसला. खाली 'ॲडमिनने डिलीट केला' अशी ओळ राहते. ती वाचून निवृत्त बँक मॅनेजरांनी लिहिलं, "आणीबाणी आम्ही पाहिली आहे." वास्तविक त्यांचा तो मेसेज कोमट पाण्यात हळद घालण्याविषयी होता. हे गृहस्थ चिकाटीचे. व्हॉट्सॲपने अफवांना आळा घालायला २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली आणि २०२० मध्ये खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असं केलं. कंपनीचा अंदाज होता की, माणूस कंटाळेल. कंपनीने निवृत्त माणूस पाहिलेला नाही. ते दुपारी जेवण झालं की एकेक ग्रुप निवडून सावकाश, प्रेमाने पाठवत बसतात.

मग मी ब्रह्मास्त्र काढलं. फक्त ॲडमिन लिहू शकेल, बाकीचे वाचतील, अशी सोय आहे. ती लावली. तीन दिवस असा शुकशुकाट की, मला वाटलं सगळे सभ्य झाले. चौथ्या दिवशी भाजी घेताना कळलं की, 'मनमोकळं', 'फक्त ए विंग' आणि 'ॲडमिनशिवाय' असे तीन नवे ग्रुप निघालेत आणि तिन्हींवर विषय एकच आहे, मी. 'ॲडमिनशिवाय' या ग्रुपवर, मोठ्या मनाने, मला घेण्यात आलं.

ग्रुप सोडायचाही एक विधी असतो. २०२२ पासून कुणालाही गाजावाजा न करता ग्रुप सोडता येतो. फक्त ॲडमिनला कळतं. पण गाजावाजा न करता जायचं असतं, तर माणूस जाईल कशाला? आमच्याकडे आधी पत्र येतं. "अत्यंत जड अंतःकरणाने हा निर्णय घेत आहे. गेली अनेक वर्षे..." मग अर्धा तास ते कुठेही जात नाहीत, कारण "नका जाऊ" म्हणणारे मेसेज मोजायचे असतात. ते पुरेसे आले नाहीत की जातात. दोन दिवसांनी मला खासगीत मेसेज येतो, "परत ॲड करा. पाणी कधी येतं ते कळत नाही."

कायद्याचीही भीती वाटायची. उद्या कुणी भलतंसलतं लिहिलं तर पोलीस माझ्या दारी यायचे! पण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगून ठेवलंय की, समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत नसेल, तर दुसऱ्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी निव्वळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. कारण तो माणसं घेऊ शकतो, काढू शकतो. ती काय लिहिणार, हे आधी तपासू शकत नाही. मी हा निकाल बायकोला वाचून दाखवला.

"म्हणजे तुमच्या हातात काहीच नाही," ती म्हणाली. "मग रात्री बारापर्यंत फोन घेऊन काय बसता?"

उच्च न्यायालयानंतर अपिलाला जागा असते. इथे नव्हती.

भांडण आपल्याला नवीन नाही. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात एकत्र १०१ दिवस काढून आले. पुढे मतभेद झाले, आगरकर 'केसरी'तून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला. म्हणजे ग्रुप सोडला आणि स्वतःचा ग्रुप काढला. पुण्यातल्या विरोधकांनी तर आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. त्यापुढे आमच्या पांढऱ्या गाडीचं भांडण किरकोळ. पण त्यांची पत्रं साप्ताहिक होती. आज राग आला तर पुढच्या अंकापर्यंत थांबायचं, लिहायचं, खिळे जुळवायचे, मुद्रितं तपासायची. एवढ्या वेळात रागाला मुद्दे सुचत. आमच्या रागाला टाइप करायला सहा सेकंद लागतात आणि मुद्दा दुसऱ्या दिवशी दुपारी, भांडी घासताना सुचतो.

हे सगळं मी गंभीरपणे घेत होतो, तोवर एकदा लिफ्टमध्ये कुंडीवाले आणि कपडेवाल्या भेटले. आदल्या रात्री साडेअकरापर्यंत दोघे एकमेकांचे संस्कार काढत होते. मी दोघांच्या मधे अंग चोरून उभा राहिलो.

"काय वहिनी, गॅसवाला आला का?"

"अहो, आला. तुमचाही सिलिंडर घेऊन ठेवलाय मी. तुम्ही घरी नव्हता ना!"

"अरे वा! आणि तुमच्या गुडघ्याचं काय?"

"मेथ्या चालू केल्या. ग्रुपवर आलं होतं ना कुणाचं तरी."

चौथा मजला आला. उतरताना कुंडीवाले माझ्याकडे वळून म्हणाले, "ॲडमिनसाहेब, ग्रुपवर हल्ली भाषा फार घसरलीय. जरा बघा." वहिनींनीही मान डोलावली. "काही लोकांना ना, खरंच समज नाही."

लिफ्टचं दार लागलं. सिलिंडर सांभाळणारी बाई आणि 'आदरणीय महोदय' लिहिणारी बाई एकच, यावर लिफ्टच्या आरशात बघून मी विचार केला. निष्कर्ष असा की, आमच्या सोसायटीत असभ्य माणूस एकही नाही. समोर उभे राहिलो की आम्हाला एकमेकांचे गुडघे आठवतात. फोनवर गुडघे दिसत नाहीत, नुसता फ्लॅट नंबर दिसतो. आणि सभ्यतेचे नियम तर आम्हा सगळ्यांना मनापासून हवे आहेत. शेजाऱ्यासाठी.

म्हणून मी नियमावली मागे घेतली. सुप्रभात पुन्हा सुरू झालं. चंद्रावरचं मांजरही परत आलं. टाकी धुणार असली की सेक्रेटरी आता लिफ्टमध्ये कागद चिकटवतात, कारण तिथे चार मजले दुसरं वाचायला काही नसतं. हॅम्ब्रिजबाईंचा एकच नियम मी ठेवलाय, तोही ग्रुपवर नाही, वाचकहो, तुमच्यासाठी. रात्री राग आला तर मनसोक्त लिहा, 'महोदय' घाला, 'नितांत' घाला, पण पाठवा सकाळी, दात घासून झाल्यावर. आणि गाडी वीतभर पलीकडे घ्यायला सांगायची असेल, तर दोन जिने चढून बेल दाबा. काही लोक दार उघडतात.